पिस्टन आधी, बोअर नंतर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंजिन ऑइल का पितं यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हटलं होतं की पिस्टन बदलायची वेळ आलीच तर विचारा. तर भरपूर पत्रं आली, त्यातली बरीचशी बाहेरच्या म्हणजे आफ्टरमार्केट पिस्टनबद्दलच आहेत. सगळी घेता येणार नाहीत, पण ज्यात तेच तेच प्रश्न पुन्हा येतायत ती इथे घेतोय.

प्रश्न : दादा नमस्कार. माझी चौदा वर्षं जुनी पेट्रोल कार आहे, चार सिलिंडर. निळा धूर मारते आणि हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल पिते. इंजिन खोललंय. मेकॅनिक म्हणतोय ब्लॉक पन्नासवर बोअर करून आणू, तोवर पिस्टन शोधून ठेवा. कंपनीचे ओव्हरसाइज पिस्टन मिळत नाहीयेत म्हणून बाहेरचे घ्यायचेत. कुठला ब्रँड घेऊ?

उत्तर : ब्रँडचं नंतर बोलू. ब्लॉक बोअरिंगला गेला असेल तर आधी फोन करा आणि काम थांबवा. खरंच सांगतोय, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच करा.

पन्नास म्हणजे ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, बोअर (सिलिंडरचं भोक) मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. समजा मूळ ७५ चा असेल तर ७५.५०. पण डब्यावर ७५.५० लिहिलंय म्हणजे पिस्टन ७५.५० चा असतो असं नाही ना. तो साधारण ७५.४६ असतो, कारण भिंत आणि पिस्टन यांच्यात फट लागते. ही फट कोणाची ०.०३ असते, कोणाची ०.०५, फोर्ज्ड (दाबून घडवलेला) असेल तर अजून जास्त, आणि ती ठरवते पिस्टन बनवणारी कंपनी. कोणी बोअर नेमका ७५.५० करा म्हणून सांगतं तर कोणी म्हणतं आमचा पिस्टन मोजा आणि त्यात इतकं मिळवा. मग पिस्टन हातात नसताना मशीनवाला बोअर करणार तरी कशाच्या मापाने? अंदाजाने करतो, आणि मग सेट येतो तेव्हा एक तर फट जास्त होऊन टकटक वाजतं नाहीतर कमी होऊन सीझ होतं, म्हणजे पिस्टन भिंतीला चिकटून अडकतो. पिस्टन आधी घ्यायचे, चारही मोजायचे, प्रत्येकावर मार्करने नंबर घालायचा, आणि ज्याचा बोअर त्याच्याच मापाने होन करून (दगडाने बारीक घासून) घ्यायचा, हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं नशिबावर.

पिस्टन कुठे मोजायचा हेही बघा. पिस्टन गोल नसतो, तो किंचित लंबगोल असतो आणि वरपेक्षा खाली रुंद. डोक्याशी मोजलात तर सरळ अर्धा मिलिमीटरसुद्धा कमी दिसू शकतो. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, स्कर्टवर म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेरावर, खालून किती अंतरावर मोजायचं ते सोबतच्या कागदावर असतं. स्कर्टला काळं ग्राफाइट कोटिंग असेल तर त्या कोटिंगसकट माप धरायचं की सोडून, हेही कागदावर बघा. काही कंपन्या कोटिंगमध्ये मोजण्यासाठी छोटी मोकळी गोल जागा सोडतात, तिथेच मायक्रोमीटर लावायचा.

हे इतकं लांबण लावून का सांगतोय, तर मी एकदा मोजलं नव्हतं. बरीच वर्षं झाली. सीलबंद डबा, चार पिस्टन, चांगला नावाजलेला माल, मी एकच पिस्टन मोजला आणि चारही बोअर त्याच मापाने करून घेतले. फट ०.०४ ठेवली होती. गाडी दुसऱ्या दिवशी चढावर बंद पडली. खोललं तर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियम चोळल्यासारखं बसलेलं, करडं, मेणासारखं, नख फिरवलं की अडकत होतं. नंतर चारही मोजले तेव्हा कळलं की तिसरा बाकीच्यांपेक्षा ०.०३ नी मोठा होता, म्हणजे त्याला उरली होती जेमतेम ०.०१ ची फट. चूक बनवणाऱ्याची होती, पण तो मोजणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. ज्यांची गाडी होती त्यांनी सहा महिने पैसे साठवून ते काम काढलं होतं. तेव्हापासून माझ्या बाकावर न मोजलेला पिस्टन पुढे सरकत नाही.

आता पन्नासच का, हा दुसरा प्रश्न मेकॅनिकला विचारा. बोअर मोजला का? वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी एका सिलिंडरची सहा मापं घेतात. सगळ्यात खराब सिलिंडर जितक्यात साफ होईल तेवढंच ओव्हरसाइज घ्यायचं आणि तेच चारही सिलिंडरना. पंचवीसमध्ये साफ होत असेल आणि पंचवीसचे पिस्टन मिळत असतील तर पन्नास करू नका. भिंतीचं लोखंड एकदा कापलं की परत येत नाही, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. मोठा बोअर म्हणजे जास्त ताकद असं कोणी सांगितलं तर हिशोब करा, ७५ चा ७५.५ केला की सीसी वाढते १.३ टक्का. ते पायाला जाणवत पण नाही.

आणि ब्रँड. माहले, कोल्बेनश्मिट यांच्यासारख्या कंपन्या गाड्या बनवणाऱ्यांनाही पिस्टन पुरवतात आणि बाजारातही विकतात, त्यामुळे बाहेरचा म्हणजे दुय्यम असं काही नसतं. मी नावापेक्षा कागद बघतो. धातू कुठला, फट किती, कॉम्प्रेशन हाइट किती, पिनचा व्यास किती, वरच्या खळग्याची सीसी किती, वजन किती, रिंगांची जाडी किती. एवढं ज्या पिस्टनबद्दल लेखी मिळतं तो घ्यायचा आणि "लागतो हो, बसेल" एवढंच ज्याच्याबद्दल कळतं तो कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्यायचा.

प्रश्न : माझी गाडी स्टॉक (कंपनीतून आली तशीच) आहे, टर्बो नाही, रोज ऑफिसला जायला वापरतो. इंजिन बांधतोच आहोत तर फोर्ज्ड पिस्टन टाकून घेऊ का? मित्र म्हणतात एकदाच चांगलं टाक, आयुष्यभर बघायला नको.

उत्तर : मित्रांचा हेतू चांगला आहे, पण इथे "मजबूत म्हणजे चांगलं" एवढ्यावर भागत नाही.

पिस्टनच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन किती, यावर सगळा खेळ आहे. साध्या ओतीव, म्हणजे कास्ट पिस्टनमध्ये ते साधारण १२ टक्क्यांच्या आसपास असतं. हायपरयुटेक्टिक म्हणतात त्यात १६ ते १८. सिलिकॉन जास्त की पिस्टन तापल्यावर कमी फुगतो, झिजतो कमी, पण जरा ठिसूळ होतो. फोर्ज्डमध्ये दोन धातू नेहमी ऐकू येतील, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, आणि २६१८ मध्ये जवळजवळ नाहीच, पाव टक्क्याच्याही आत. म्हणून २६१८ मार खातो, वाकतो पण पटकन तुटत नाही, रेसिंगवाले आणि जोरात बूस्ट चालवणारे तो घेतात ते यासाठीच. पण तो फुगतोही सगळ्यात जास्त.

किती फुगतो ते बघा. ७५ मिमीचा ४०३२ चा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१४५ मिमी वाढतो आणि २६१८ चा तेवढ्याच तापमानाला ०.१६५ च्या पुढे जातो. बाहेरचा लोखंडी बोअर मात्र तेवढ्याच अंशांना ०.०८ सुद्धा वाढत नाही, आणि मागे पाणी फिरत असल्याने तो तेवढा तापतही नाही. म्हणजे थंड असताना फट आधीच जास्त ठेवावी लागते. कास्टला ०.०३-०.०५ मध्ये काम होतं तिथे २६१८ ला ०.०८ पासून ०.१२ पर्यंत सांगितलेलं असतं. परिणाम काय तर सकाळी गाडी चालू केली की पिस्टन भिंतीवर आपटतो, टक टक टक, गरम झाला की शांत. रेसच्या गाडीला त्याचं काही नाही, ती गरम करूनच पळवतात. पण ज्याची गाडी रोज दहा किलोमीटर जाते आणि बंद होते तिचा पिस्टन अर्धा वेळ थंडच असतो, तेव्हा स्कर्ट आणि बोअर दोन्ही झिजणार. आयुष्यभर बघायला नको म्हणून टाकलेला पिस्टन साध्या कास्टच्या आधीच पुन्हा खोलायला लावेल.

तुमच्या गाडीला चांगल्या कंपनीचा कास्ट किंवा हायपरयुटेक्टिक घ्या आणि वाचलेले पैसे बोअरिंग, होनिंग, हेडच्या कामाला लावा. पुढेमागे टर्बो बसवायचा पक्का विचार असेल तर ४०३२ हा मधला रस्ता आहे. हायपरयुटेक्टिक घेतलात तर एक लक्षात ठेवा, काही कंपन्या त्यात वरच्या रिंगला नेहमीपेक्षा जास्त गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) सांगतात कारण ती रिंग डोक्याच्या जवळ असते आणि जास्त तापते. तो आकडा जास्त वाटला म्हणून स्वतःच्या मनाने कमी करू नका. रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडली की ती भिंत खरवडते नाहीतर रिंगवरचा पिस्टनचा काठच उपटते.

फुगण्याची ही भीती जुनीच आहे बरं का. पूर्वी पिस्टन ओतीव लोखंडाचे असायचे. १९१३ च्या सुमाराला डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं असा पिस्टन गाडीत चालवून दाखवला. तेव्हापासून पिस्टन हलका ठेवायचा आणि फुगणं आवरायचं, हीच ओढाताण चालू आहे.

प्रश्न : माझ्या इंजिनाचे पिस्टन मिळत नव्हते, दुकानदाराने त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचे दिले. बोअर तोच, पिन तीच, रिंगा त्याच. बसले पण व्यवस्थित. पण आता चढावर गाडी खडखडते, खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिकने टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतलं तर पिकअप गेला. कुठे पाणी मुरतंय?

उत्तर : पिस्टनच्या डोक्यात मुरतंय. बोअर आणि पिन जुळली म्हणून पिस्टन जुळला असं होत नाही. दोन मापं राहिली : पिनच्या मध्यापासून वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंतची उंची, म्हणजे कॉम्प्रेशन हाइट, आणि डोक्यावरचा खळगा किती खोल आहे ते.

एक उदाहरण करून दाखवतो, आकडे तुमचे घाला. बोअर ७५, स्ट्रोक ८०, म्हणजे एका सिलिंडरची ३५३.४ सीसी. हेडमधला चेंबर ३० सीसी, गॅस्केटची जागा ३.६, पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या काठाखाली ०.२ मिमी राहतो त्याची ०.९, आणि मूळ पिस्टनचा खळगा ४.८ सीसी. बेरीज ३९.३. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे ३५३.४ अधिक ३९.३ भागिले ३९.३, आला १० च्या जवळ. आता पिस्टन सपाट डोक्याचा आला ज्यात फक्त व्हॉल्व्हच्या खाचांची २ सीसी आहे. बेरीज ३६.५ आणि रेशो गेला १०.७ वर. त्यात कॉम्प्रेशन हाइट ०.४ मिमी जास्त असेल तर अजून पावणेदोन सीसी गेली आणि रेशो ११.२ झाला. पेट्रोल तेच, टायमिंग तेच, मग खडखडणारच. हेड फेसिंग केलं (सपाट करायला घासलं) असेल तर त्याचं वेगळं.

उपाय म्हणजे मोजायचं. हेड काढावं लागेल, पर्याय नाही. पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून काठाच्या वर आहे की खाली ते डायल गेजने बघा, चेंबर आणि खळगा ब्युरेटने किंवा सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने पातळ ऑइल भरून मोजा, वर ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची म्हणजे हवा राहत नाही. फरक थोडा असेल तर जाड गॅस्केट घेऊन भागतं, पण फार जाड गॅस्केट लावून पिस्टन आणि हेडमधली फट वाढवली की उलटा परिणाम होतो, त्या कडेला मिश्रण निवांत पडून राहतं आणि नॉकिंग (हीच खडखड) वाढतं. ती फट साधारण १ मिमीच्या जवळ असलेली बरी. फरक मोठा असेल तर पिस्टन बदला, मन घट्ट करून बदला. खडखडत चालवाल तर रिंगांमधला काठ तुटेल आणि मग आगीतून फुफाट्यात.

हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हची फटही बघा. पिस्टनच्या खाचांवर मुलांच्या खेळण्यातली माती लावायची, वर ऑइलचं बोट फिरवायचं, हेड जुन्या गॅस्केटसकट कसायचं, व्हॉल्व्हचं टायमिंग लावायचं, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, स्टार्टरने नाही हं. हेड काढून मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला दिसेल, तो ब्लेडने मधोमध कापा आणि सगळ्यात पातळ जागी मोजा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी असेल तर तसं इंजिन मी चालू करत नाही.

प्रश्न : नव्या सेटमधले चार पिस्टन किचनच्या काट्यावर वजन केले. तीन सारखे आणि एक ७ ग्रॅम जड. चालेल का?

उत्तर : वजन केलंत हेच फार चांगलं केलंत. ७ ग्रॅम जास्त आहे, सेट परत करा आणि जुळलेला मागा. चांगल्या सेटमध्ये फरक एक-दोन ग्रॅमच्या आत असतो. परत घेत नसतील तर मशीन शॉपमध्ये पिनच्या बॉसच्या (पिन बसते त्या जाड भागाच्या) आतल्या बाजूने थोडं थोडं काढून जुळवून देतात, पण ते घरी फाइल घेऊन करायचं काम नाही, डोक्याच्या खालून तर अजिबातच नाही. पिना अदलाबदल करूनही कधी दोन-तीन ग्रॅम सुटतात, आधी ते करून बघा.

सगळेच पिस्टन जुन्यापेक्षा सारखेच जड किंवा हलके असतील तर चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनाला त्याचा फार त्रास होत नाही, दोन वर जाताना दोन खाली येतात. व्ही इंजिन असेल तर मात्र क्रँक पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो, तिथे क्रँकची वजनं पिस्टनच्या वजनावरूनच काढलेली असतात.

प्रश्न : सर, मी ऑटोमोबाइल डिप्लोमाला आहे. बाबांच्या गाडीचं हाफ इंजिनचं काम मी स्वतः करतेय. पिस्टन दिसायला चांगले आहेत. फक्त रिंगा बदलल्या तर चालतील का? माझ्याकडे बोअर गेज नाहीये, फक्त फिलर गेज आहे.

उत्तर : ताई, फिलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पट्ट्यांनी) बरंच काही होतं. नवी रिंग बोअरमध्ये खाली ढकला, पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने ढकला म्हणजे रिंग सरळ बसते. अगदी खाली, जिथे रिंग कधी घासतच नाही, तिथे गॅप मोजा. मग तीच रिंग वर, रिंग जिथपर्यंत येते त्या रेषेच्या जरा खाली आणा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक भागिले ३.१४, एवढा तुमचा बोअर वर जास्त झिजलाय. गॅप ०.३० वरून ०.६१ झाला तर बोअर ०.१ नी मोठा झालाय, आणि बहुतेक मॅन्युअलमध्ये ०.०५ ते ०.१० च्या पुढे बोअर करा असंच सांगतात. तेव्हा नुसत्या रिंगा घालून उपयोग नाही, दर फेऱ्याला रिंग आकुंचन-प्रसरण पावत राहील आणि थोड्याच दिवसांत गाडी परत ऑइल प्यायला लागेल. एक गोष्ट मात्र फिलर गेज सांगणार नाही, बोअर लंबगोल झालाय का ते. रिंग पूर्ण गोलाची सरासरी दाखवते. म्हणून हे माप चांगलं आलं तरी एकदा मशीन शॉपमध्ये बोअर गेज लावून घ्या.

मग पिस्टनच्या खाचा बघा. जुनी रिंग मोडून तिच्या टोकाने खाचेतला कार्बन काढा (धातू खरवडू नका), नवी रिंग खाचेत ठेवा आणि वरच्या बाजूने फिलर घाला. ०.१५ ची पट्टी सहज जात असेल तर वरची खाच झिजलीय, पिस्टन दिसायला कितीही छान असू दे. ऑइल रिंगच्या मागची भोकं बुजलेली असतील तर तीही मोकळी करा, कित्येकदा ऑइल पिण्याचं कारण तेवढंच असतं.

रिंगा घ्याल तेव्हा गॅप किती ठेवायचा ते पाकिटावर बघा. पाकिटावर नसेल तर टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला वरच्या रिंगला बोअरच्या दर २५ मिमीला ०.१० असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे ७५ ला ०.३०. दुसऱ्या रिंगला तेवढाच किंवा किंचित जास्त.

प्रश्न : डिझेल इंजिन आहे. ब्लॉक फेसिंग करावा लागला. आता नवे पिस्टन काठाच्या वर जास्तच येतायत. मेकॅनिक म्हणतो लेथवर डोकं थोडं घासून घेऊ.

उत्तर : घासू नका. डिझेलच्या पिस्टनच्या डोक्यातला खळगा हाच चेंबर असतो, इंजेक्टरचा फवारा त्या कडेच्या हिशोबाने मारलेला असतो. वरून घासलं की खळगा उथळ होतो, व्हॉल्व्हच्या खाचाही कमी होतात. वरच्या रिंगपर्यंतचा काठ पातळ होतो तो वेगळाच.

बऱ्याच पिस्टन कंपन्या याच कामासाठी कमी कॉम्प्रेशन हाइटचे पिस्टन बनवतात, ब्लॉक जितका घासला तितकीच उंची कमी असलेले. तुमच्या इंजिनाला ते मिळतात का ते कॅटलॉगमध्ये बघा. मग पिस्टन किती वर येतो ते पिनच्या रेषेवर दोन टोकांना मोजा, त्या रेषेवरच, कारण दुसऱ्या दिशेने पिस्टन डुलतो आणि माप खोटं येतं. सगळे पिस्टन मोजून सगळ्यात उंच असलेल्याच्या हिशोबाने हेड गॅस्केट निवडायचं, डिझेलच्या गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात ती जाडी सांगण्यासाठीच. आणि डिझेलसाठी पिस्टन घेताना वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडाचं कडं ओतलेलं आहे ना ते बघा, मूळ पिस्टनमध्ये ते असेल तर नव्यातही असायलाच हवं.

प्रश्न : इंजिन बांधल्यापासून थंड असताना टकटक. बोअर, फट, सगळं बरोबर. मशीनवाला म्हणतो माझी चूक नाही.

उत्तर : पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा खाच असते, ती इंजिनाच्या पुढच्या बाजूला आहे का? बऱ्याच रोजच्या गाड्यांच्या पिस्टनची पिन मुद्दाम मध्यापासून थोडी बाजूला असते, मिलिमीटरभर, म्हणजे दाब बदलताना पिस्टन भिंतीवर आपटत नाही, हळूच कलतो. उलटा बसला की नेमकं तेच बिघडतं. बाण बरोबर असेल तर बाहेरच्या पिस्टनची पिन अगदी मध्यावर आहे का ते विचारा, रेसिंगच्या पिस्टनमध्ये बऱ्याचदा तसं असतं, मग थोडा आवाज राहणारच.

प्रश्न : माझा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, लोखंडी लायनर नाही. दुकानदार म्हणतो कुठलाही पिस्टन चालतो.

उत्तर : नाही चालत. काही इंजिनांत भिंतच जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमची असते, १९७१ च्या शेव्हरोले व्हेगापासून हा प्रकार मोठ्या प्रमाणावर आला, आणि तिथे पिस्टनच्या स्कर्टवर लोखंडाचा मुलामा होता कारण उघडं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवर घासलं की चिकटतं. काहींत भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो, त्याला साधं बोअरिंग करताच येत नाही, थर काढून पुन्हा चढवावा लागतो. आधी भिंत कशाची आहे ते मॅन्युअलमधून नक्की करा, मग त्याच भिंतीसाठी म्हणून स्पष्ट लिहिलेला पिस्टन आणि रिंगा घ्या. लोखंडी लायनर बसवून घेतलेत तर मात्र तो वेगळा विषय, मग लोखंडावर चालणारा पिस्टन लागेल.

प्रश्न : चारपैकी एकच पिस्टन खराब झालाय, दुसरा. बाकी तीन ठीक. एकच नवा घालू की चारही? आणि पुन्हा तोच जाणार नाही ना?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे म्हणून आधी तो. जुना पिस्टन फेकू नका, उजेडात धरून बघा. डोक्यावर वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे, किंवा पहिल्या-दुसऱ्या रिंगमधला काठ तुटलेला असेल तर नॉकिंग होत होतं. डोक्याच्या मध्ये वितळून भोक पडलं असेल तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेट घेत होतं, प्लग चुकीचा किंवा मिश्रणात पेट्रोल कमी. पिनच्या दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर पिस्टन जास्त तापून फुगला, कूलिंग बघा नाहीतर फट कमी होती. स्कर्टवर झीज तिरपी, वर एका बाजूला आणि खाली दुसऱ्या बाजूला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलाय, आणि तो सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय जगातला कुठलाही पिस्टन तिथे टिकणार नाही. एकाच सिलिंडरला त्रास आहे म्हणून त्या सिलिंडरचा इंजेक्टरही तपासून घ्या.

एकच घालायचा तर बोअर तिथे खरंच स्टँडर्ड मापात हवा, पिस्टन त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा, वजनाला बाकी तिघांशी जुळणारा. भिंतीवर ओरखडा नखाला लागत असेल तर तो बोअर मोठा करावाच लागेल आणि मग चारही करा.

आणि होनिंग करून ब्लॉक आला की तो डिझेल-रॉकेलने पुसून इंजिन बांधू नका. होनिंगच्या दगडाची भुकटी त्या बारीक रेघांत बसलेली असते आणि रॉकेलने ती निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ताठ ब्रश, घासघासून धुवा, कोरडं करा, लगेच ऑइलचं बोट फिरवा नाहीतर गंज धरतो. मग पांढरं सुती फडकं बोअरमध्ये फिरवून बघा. करडं आलं तर परत धुवा. मी तिसऱ्या-चौथ्या धुण्यापर्यंत करडंच येताना पाहिलंय, फडकं पांढरं निघेपर्यंत पिस्टन हातात घेऊ नका.